पांढऱ्या वावराकडे कोण कुठून बघतं?

मागच्या हिवाळ्यात आमच्या विद्यापीठात छायाचित्रांचं एक प्रदर्शन लागलं होतं. विषय ग्रामीण भारत. त्यातला एक मोठा फोटो कापसाच्या वावराचा होता. नजर जाईल तिथपर्यंत फुटलेली पऱ्हाटी, वर कार्तिकातलं धुतल्यासारखं आभाळ आणि मधोमध सात-आठ रंगीत ठिपके. खाली नाव दिलं होतं, ‘पांढरं सोनं, विदर्भ’. शेजारी उभी असलेली मैत्रीण म्हणाली, "किती सुंदर आहे गं तुमच्याकडे!" ती मनापासून म्हणाली होती. मीही हो म्हटलं, कारण ते खरंच सुंदर होतं.

मग मी त्या ठिपक्यांच्या जवळ गेले. त्या बाया होत्या. पाठमोऱ्या, वाकलेल्या. साडीवर नवऱ्याचे नाहीतर पोराचे जुने, लांब बाह्यांचे शर्ट चढवलेले, डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला बांधलेली कापडाची ओटी पुढे लोंबणारी. शर्टांचे ते निळे-लाल रंग चौकटीत छान बसले होते. पण ते शर्ट रंगासाठी घातलेले नसतात. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी कडक होतात, हात कोपरापर्यंत ओरबाडून निघतात, म्हणून घालतात. मला हे माहीत आहे, कारण असाच एक शर्ट आमच्या घरात खुंटीला असायचा. बाबांचा होता, पण मला आठवतं तेव्हापासून तो आईच घालायची, तोही फक्त दसऱ्यानंतर.

या लेखात मला कापसाच्या वावराच्या सौंदर्याबद्दल लिहायचं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडून या विषयाची अपेक्षा नसते. एका चर्चासत्रात मी माझ्या संशोधनाचा एक भाग वाचला होता. वेचणाऱ्या बाया ‘चांगलं वावर’ कशाला म्हणतात, त्यांना कुठल्या ओळीत काम करायला आवडतं, असं काही त्यात होतं. प्रश्नोत्तरात सूचना आली की हा भाग रम्य वाटतो, त्याऐवजी कर्ज आणि कुपोषणाची आकडेवारी द्यावी. आकडेवारी मी देतेच. पण त्या दिवशी लक्षात आलं की कामाची वाटणी इथेही झालेली आहे. सौंदर्य बघायचं त्यांनी आणि वेदना सांगायची आम्ही. छायाचित्रकाराला वावर दिसतं आणि बाया दिसत नाहीत. अभ्यासकाला बायांची गरिबी दिसते, पण त्यांना डोळे आहेत हे दिसत नाही. शरद पाटलांनी अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर आणि शरणकुमार लिंबाळेंनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर स्वतंत्र पुस्तकं लिहिली, ती सुंदर म्हणजे काय हे ठरवायचा हक्क कुणाचा, या भांडणासाठीच. ते भांडण साहित्यापुरतं ठेवायचं काही कारण नाही.

तर वेचणारीला काय दिसतं? मी आईला विचारलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "पयला वेचा असला का वावरातून निंगू वाटत नाही. हात लावला का बोंड मोकळं होते." तिच्यासाठी सुंदर बोंड म्हणजे पूर्ण उमललेलं, चारही कप्प्यांतला कापूस एका ओढीत हातात येईल असं. अर्धवट उघडलेलं बोंड लांबून तितकंच पांढरं दिसतं, पण त्यात नखं घालावी लागतात. किडकं, पिवळं पडलेलं बोंड म्हणजे कवडी, ती वेगळी काढायची. सकाळी दहिवर असतं तेव्हा वावर चमकतं, फोटोला उत्तम. वेचणारीचा त्या वेळचा हिशेब दोन्हीकडून अडतो. ओला कापूस वजनाला भरतो हे खरं, पण ओल दाखवून मालक वजन कापतो. दुपारी कापूस कोरडा आणि हलका होतो, ऊन मानेवर येतं. चार वाजता उन्हं कलली की पुन्हा तेच वावर सोनेरी होतं. तेव्हा बाया बघतात, थांबून बघतात. आई म्हणते, त्या वेळी कुणीतरी गाणं धरतं. पण गाणाऱ्या बाईचे हातही थांबत नाहीत.

थांबणं परवडत नाही, ते का, हे गणिताने सांगते. एका बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो असं धरा. म्हणजे किलोला अडीचशे बोंडं. पहिल्या-दुसऱ्या वेच्यात हाताला चपळ असलेली बाई दिवसाला चाळीस किलो वेचते. म्हणजे दहा हजार बोंडं, दहा हजार वेळा हात पुढे आणि मागे. गेल्या हंगामात आमच्या गावाकडे किलोमागे दहा रुपये दर होता. दहा हजार वेळा हात चालवल्यावर चारशे रुपये. शेवटच्या वेच्यात दर थोडा वाढतो, पण तेव्हा झाडावर कापूस शोधावा लागतो आणि दिवसभरात पंधरा-वीस किलोही होत नाही. पांढरंशुभ्र वावर म्हणजे त्या दिवसाची बरी मजुरी, हा सौंदर्याचाच भाग आहे. पोटाचा विचार आला की सौंदर्य संपतं, असं मानणाऱ्यांनी ही समजूत एकदा तपासून बघावी.

माझी स्वतःची आठवण मात्र वेगळी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी वेचायला जायचे, वह्यांचे आणि कपड्यांचे पैसे त्यातून यायचे. संध्याकाळी गाठोडी मालकाच्या वाड्यावर न्यायची. तिथे एका खोलीत छतापर्यंत कापसाची गंजी असायची आणि मालकाची पोरं त्यावर चढून उड्या मारायची. मला त्या गंजीवर एकदा तरी पडायचं होतं. त्या गंजीत माझ्या हाताचा कापूस होता, आईचा होता, मावशीचा होता. दारातून पुढे जायचं नाही हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. पाचवी-सहावीतल्या पोरीला ते न सांगताच ठाऊक होतं. गंजीवर लोळल्याने अंगाला खाज सुटते हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आपण काय मुकलो याचा हिशेब तेव्हा थोडा सुधारला, एवढंच.

हे वावर असं पांढरं कधी झालं, त्यालाही इतिहास आहे. वऱ्हाडात कापूस जुनाच. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर व्यापाऱ्यांची नजर स्थिरावली. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली होती. अमेरिकेतला तो कापूस काळ्या गुलामांनी वेचलेला असायचा. त्याच युद्धानंतर तिथली गुलामी कायद्याने संपली आणि 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. एकाच घटनेची ही दोन टोकं आपल्याकडे क्वचितच एकत्र वाचली जातात. तिकडे वेचणारे हात मोकळे झाले म्हणून जोतीरावांनी आनंद मानला, आणि त्याच दशकात इकडच्या वावरांत कुणाचे हात जुंपले गेले हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. भाव, बंदर, रेल्वे, गिरणी, सगळं येतं. वेचणी कुणी केली ते नाही.

गिरणीत तर जात उघडच बोलली. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात घेत, पण विणकाम खात्यात शिरू देत नसत. तिथे मजुरी जास्त होती. कारण असं सांगितलं जाई की धोट्यातल्या कांडीचं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतर कामगार कसा वापरणार? 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तो यासाठीच. ज्या कापसाचं एकेक बोंड मुळात आमच्या बायांच्या बोटांनी सोडवलेलं, त्याच्या धाग्याला आमच्या पुरुषांचं तोंड चालत नव्हतं. आजही देवघरातल्या फुलवाती आणि देवाच्या गळ्यातली वस्त्रमाळ कापसाचीच असते. सोवळ्यात वळतात म्हणे. वळण्याआधी त्या कापसाला कुणाकुणाचे हात लागून गेलेत, हे कापूस सांगत नाही म्हणून निभावतं.

ही गोष्ट फक्त विदर्भाची नाही. मेळघाटातले कोरकू आदिवासी हंगामात सपाटीवर उतरतात. दाहोद, झाबुआकडची भिल्ल कुटुंबं सौराष्ट्रातल्या वावरांत जातात. पंजाबात बठिंडा-मानसाच्या पट्ट्यात नरमा, म्हणजे अमेरिकन वाणाचा कापूस, वेचणाऱ्या बाया मोठ्या संख्येने दलित आहेत. त्या राज्यात दलित लोकसंख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश आहेत आणि शेतजमिनीत त्यांचा वाटा नगण्य आहे. बोंडाच्याही आधी फूल येतं, तेही देखणं. पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. 1970 मध्ये गुजरातमध्ये कापसाचं पहिलं संकरित वाण आलं आणि तेव्हापासून बियाण्याच्या प्लॉटमध्ये एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी हाताने परागीकरण करणं हा रोजगार झाला. त्याला लहान बोटं बरी पडतात असं सांगत दक्षिण राजस्थानातून आदिवासी मुलं बनासकांठा-साबरकांठ्यात नेली गेली. लहान बोटं बरी पडतात हे निमित्त झालं. लहान मुलांची मजुरी कमी, हे कारण.

आणि फुलं-बोंडं लागायच्या दिवसांतली फवारणी. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, पंप वर धरून फवारावं लागत होतं आणि विष तोंडावर येत होतं. मेलेल्यांत छोटे शेतकरी होते तसे रोजाने फवारायला गेलेले शेतमजूरही होते. दोन महिन्यांनी त्याच वावरांचे पांढरे फोटो निघाले असणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर आपलेच लोक रागावतात. कापूस उत्पादक शेतकरी सुखात आहे असं माझं म्हणणं नाही. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क तात्पुरतं काढून टाकलं. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, जो बहुतेक वेळा ओबीसी आहे, कधी आदिवासी, कधी बौद्ध, तो या दोन्हींच्या मध्ये भरडला जातो. वेचणीचे क्विंटलला हजार रुपये त्याला जड जातात हे खरं आहे. पण कापसाच्या अर्थकारणात ज्या ज्या ठिकाणी कमी पडतं, ते शेवटी वेचणारीच्या दरातून काढलं जातं. बियाण्याच्या कंपनीशी घासाघीस करता येत नाही, औषधाच्या दुकानदाराशी येत नाही, व्यापाऱ्याशी येत नाही. ती फक्त वेचणारीशी करता येते.

मग ‘शेतकरी’ या शब्दात ती बाई बसते का? सरकारी कागदावर तर नाही. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येची मदत मिळायला कुटुंबाच्या नावे जमीन लागते. सातबारा नसेल तर मरणही अपात्र. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिवाटीच्या जमिनीपैकी नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र अनुसूचित जातींकडे आहे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची सरासरी पाऊण हेक्टरच्या आसपास. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या 11,290 आत्महत्या आहेत. त्यात जमीन कसणारे 5,207 आणि शेतमजूर 6,083. मजूर जास्त आहेत. तरीही या विषयावरच्या वर्तमानपत्री मथळ्यात एकच शब्द येतो.

2017 ला बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस नेला तेव्हा नुकसानभरपाई हेक्टरी जाहीर झाली. ती मिळण्यात शेतकऱ्यांनाही काय दमछाक झाली ते वेगळंच. पण ज्या बाईची तीन महिन्यांची वेचणी बुडाली तिचं काही बुडालं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. तिच्याकडे हेक्टर नव्हता. पंजाबात 2021 मध्ये तीच गुलाबी बोंडअळी माळव्यात शिरली, तेव्हा तिथल्या सरकारला भरपाईच्या दहा टक्के रक्कम वेचणी करणाऱ्या मजुरांसाठी जाहीर करावी लागली. जाहीर होणं आणि हातात पडणं यात अंतर असतं, ते पंजाबातही आहे. पण पीक बुडालं की वेचणारीचंही नुकसान होतं, ही गोष्ट तिथे सरकारच्या तोंडून वदवून घेतली गेली, आणि त्यामागे शेतमजूर संघटनांची वर्षानुवर्षांची आंदोलनं होती. महाराष्ट्रात हे मागायला कुणी अडवलेलं नाही. वेचणी करणाऱ्यांची ग्रामपंचायतीत नोंद आणि भरपाईत ठरलेला वाटा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. शेतकरी संघटनांनी ही मागणी आपल्या निवेदनात घालावी, म्हणजे ‘शेतकरी-शेतमजूर एकजूट’ या घोषणेतल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आम्हाला कळेल.

सध्या गावोगाव ऐकू येणारं वाक्य वेगळंच आहे. "मजूर मिळत नाही." त्याच्या मागोमाग, आवाज थोडा खाली आणून, "मजूर माजले." माझ्या क्षेत्रकार्याच्या वहीत हे दुसरं वाक्य इतक्या वेळा आलंय की मी त्यासाठी खूण ठरवून टाकली आहे. मजूर मिळत नाही म्हणजे त्या दरात, त्या भाषेत बोलणाऱ्याच्या वावरात बाया यायला तयार नाहीत. त्या निवड करायला लागल्या आहेत. वेचणी यंत्राची चर्चाही आता जोरात आहे. यंत्राला माझा विरोध नाही. आईची कंबर बघितल्यावर कुणी विरोध करूही नये. पण यंत्र आल्यावर हंगामाचे ते तीन महिने या बाया काय करतील, हे त्या चर्चेत कुणी विचारताना मला अजून दिसलेलं नाही.

माजल्याचा एक प्रसंग सांगते. गेल्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात वावराच्या धुऱ्यावर मोजमाप चाललं होतं. आकडा दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा लिंबाच्या फांदीला टांगलेला, आकड्याची बाजू मालकाकडे. तो वाचणार आणि बाया ऐकणार, दर गाठोड्यामागे किलोभर ‘ओलीचा’ कापला जाणार, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्या दिवशी पन्नाशीतल्या एका मावशीने आपलं गाठोडं काट्याला लावूच दिलं नाही. म्हणाली, "काट्याचं तोंड इकडं कर, मंग लाव." मालक हसण्यावारी न्यायला बघत होता. बाकीच्या बायाही मग गाठोड्यांवर बसून राहिल्या. पंधरा-वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. शेवटी काटा फिरला. दहावीत शिकणारी एक मुलगी, आईसोबत आलेली, आकडे मोठ्याने वाचू लागली आणि मावशीने प्रत्येक आकड्याला मान डोलावली. तिला वाचता येत नाही. पण आपल्या गाठोड्याचं वजन तिला उचलतानाच कळलेलं असतं. तिने आधीच बेचाळीस सांगितले होते, काट्यावर साडेएक्केचाळीस आले. ओलीचा किलो त्या दिवशी कापला गेला नाही. पुढच्या आठवड्यात त्या मालकाने दुसऱ्या गावातून मजूर आणले, हेही सांगायला हवं. आणि त्यानंतरच्या आठवड्यात याच बायांना पुन्हा निरोप आला.

त्या संध्याकाळी मी मोबाइल काढला. उन्हं कललेली, मागे वावर तसंच, प्रदर्शनातल्या फोटोसारखं. मी म्हटलं, तुम्ही वेचत राहा, मी काढते. त्यांनी ते सपशेल नाकारलं. आधी शर्ट काढून ठेवले. धुऱ्यावरच्या डबक्यातल्या नव्हे, प्यायला आणलेल्या कॅनमधल्या पाण्याने तोंडं धुतली. पदर सारखे केले. त्या मुलीने एका काकूचं कुंकू बोटाने नीट करून दिलं. मग सगळ्या गाठोड्यांच्या पुढे ओळीने उभ्या राहिल्या, सरळ, कॅमेऱ्यात बघत. मावशी म्हणाली, "वावर बी येऊ दे पूर्ण. चांगलं दिसते." मी चार पावलं मागे सरकले. फोटो थोडा हलला आहे, उजव्या कोपऱ्यात माझ्या बोटाची सावली आहे. मी तो प्रदर्शनाला पाठवला नाही. त्यांच्यातल्या दोघींकडे स्मार्टफोन आहेत, त्यांना पाठवला. एकीने तो तिच्या व्हॉट्सअपला लावला आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या जागी. चौदा एप्रिलला परत बदलणार म्हणाली.